भाड्याचा वाघोबा

खडकीपाडा, कासा
गुरुवार, दुपार

आदरणीय चिमण भावोजी यांना सुदामचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे आई सोडून सगळे. आणि आईला काही झालंय असंही नाही, ती फक्त माझ्याशी बोलत नाही. संगिताताईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना उतरताना कठडा धरत जा. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे रेंज येते ती फक्त शाळेमागच्या टेकाडावर, तिथे कायम अर्धा पाडा कानाला फोन लावून उभा असतो, आणि हे जे लिहितोय ते त्या अर्ध्या पाड्याने ऐकलं तर उरलेला अर्धा मला मारायला येईल. म्हणून ही चिठ्ठी तलासरीच्या जीपवाल्याकडे देतोय.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात डहाणू स्टेशनवरून मी माझ्या जीपमधून एक गोरी बाई आणली. नाव हेलन, धंदा सिनेमा काढण्याचा. सिनेमाची गोष्ट अशी, की एक श्रीमंत गोरं जोडपं आपल्याकडे फिरायला येतं, गावच्या देवावर ओला टॉवेल वाळत घालतं, गाव खवळतं, आणि मग त्या दोघांना कळतं की आपण किती वाईट वागलो. (एवढं कळायला विमानाचं तिकीट कशाला लागतं, ते मी विचारलं नाही.) मला इंग्रजी येतं असं मीच तिला सांगून बसलो होतो, त्यामुळे पाड्याच्या वतीने बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आता टेकडीवरचा आपला वाघोबा देव तुम्ही पाहिलाय. लाकडाची साधी फळी, ऊनपावसाने वाघाचं मांजर झालेलं. बाईला तो पुरेसा जुना वाटला नाही. तिने मुंबईहून फायबरचा वाघोबा मागवला, पुरुषभर उंच, हे एवढे दात, आणि पाठीवर हिरव्या शाईत लिहिलेलं, प्रॉप १७, म्हणजे सिनेमाच्या सामानातला सतरावा नग. तो आणून ठेवला माझ्या अंगणात.

सोमवारी शूटिंगला पाडा झाडून हजर. हिरोइनने वाघोबावर टॉवेल टाकला, बाई म्हणाली अँग्री, मी म्हणालो चिडा, आणि आपली नवशीकाकू पुढे झाली. तिने टॉवेल उचलला, घट्ट पिळला आणि कुंपणावर उन्हात पसरला. सावलीत वाळत नाही म्हणाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा काकूने हिरोइनच्या बाकीच्या कपड्यांची चौकशी केली. बाई मला म्हणाली, यांना सांग, हा तुमचाच देव आहे असं समजा. त्यावर लहान्या भगत उठला. समजा म्हणजे काय, म्हणाला, देव असतो नाहीतर नसतो. शेंदूर लावला, नारळ फोडला, कोंबडा दिला की देव, तोवर ते खोकं. हे सगळं मी बाईला इंग्रजीत सांगितलं ते असं, की यांना छोटीशी पूजा करायची आहे. बाई म्हणाली, वंडरफुल, लागेल ते करा. चूक झाली ती इथे, आणि ती माझी.

आईने स्वतःच्या हाताने शेंदूर लावला. भगताने कोंबडा दिला. मग हिरोइनने चौथ्यांदा टॉवेल टाकला. भावोजी, पाडा असा उसळला की मी आधी घरात शिरलो आणि मग आठवलं की मी मध्यस्थ आहे. बाई आनंदाने उड्या मारत होती, कॅमेरे चालू होते, आणि तिच्या कटला कोणी काडीची किंमत देत नव्हतं. हिरोइन पळत सुटली ती थेट डांबरी रस्त्यापर्यंत, आणि मिळेल त्या जीपमध्ये बसून तिने कासा गाठलं. (चौदा जणांत पंधरावी, मांडीवर कोणाची तरी कोंबडी.) मीच तिला परत आणलं. आईने तिला कोरा चहा पाजला, पदराने तोंड पुसलं आणि देवापुढे नाक घासायला लावलं. पोरगी खरीखुरी रडली. तो शॉट मात्र घ्यायचा राहिला, कारण तोवर कॅमेरावालेही हात जोडून उभे होते.

संध्याकाळी मुंबईची माणसं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक घेऊन देव गुंडाळायला आली, तर पाडा आडवा. बसलेला देव उठत नाही, असं आई म्हणाली. ते म्हणाले, उरलेला सिनेमा बाईंच्या देशात काढायचाय, तिथे हा वाघोबा लागतो, शिवाय तो भाड्याचा आहे. देव भाड्याने मिळतो हे ऐकून भगत मटकन खाली बसला. शेवटी भांडण मिटावं म्हणून मी कागदावर सही केली, की देव माझ्या ताब्यात आहे आणि येत्या मंगळवारी टेम्पो आला की देईन. त्याच रात्री आईने शेवटचं सांगितलं, देव टेम्पोत चढला तर त्याच्या मागोमाग तूही चढ, परत घरी येऊ नकोस. आणि देव नाही चढला तर ते माझ्या सहीचा कागद घेऊन पोलिसांकडे जाणार. म्हणजे मंगळवारी मी कुठेतरी जाणार हे नक्की, कुठे ते ठरायचंय.

खरं सांगू? तो प्रॉप १७ आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. पण गेल्या वर्षी बिबट्याने पाड्यातल्या पाच शेळ्या नेल्या, आणि हा बसल्यापासून एकही गेलेली नाही. (बसून तीनच दिवस झालेत, पण बिबट्याला तीन दिवस पुष्कळ होतात.) काल सकाळी जीप काढताना माझे हात आपसूक जोडले गेले. मला तो जायला नकोय, भावोजी.

बाकी ठीक. भात झोडून झालं. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
सुदाम

ता. क. : तुमच्या कारखान्यात फायबरच्या टाक्यांबरोबर बागेतली हरणं आणि हत्तीही बनतात ना? सोबत चारही बाजूंचे फोटो ठेवलेत. सोमवारपर्यंत अस्साच एक करा, टेम्पोवाल्याला तो देऊ. डावा सुळा टोकाला तुटलेला हवा (पळापळीत धक्का लागला). पाठीवरची हिरवी शाई विसरू नका.

आणखी एक : आणताना पालथा घाला, वर ताडपत्री टाका, आणि संगिताताईच्या नजरेस पडू देऊ नका. तिने हळदकुंकू लावलं की संपलं, मग दोन देव होतील आणि मला एकही देता येणार नाही.

शेवटचं : पत्र तपासताना मी मोठ्याने वाचलं आणि आईने ऐकलं. तीन दिवसांनी माझ्याशी बोलली. ती म्हणते, दुसरा करून घे, पण खोटा पाठवायचा नाही. ही माणसं लोकांच्या देवांवर टॉवेल टाकत फिरतात, त्यांच्या गावात लक्ष ठेवायला कोणीतरी पाहिजेच. त्यालाही शेंदूर लावणार, नारळ फोडणार, फक्त तो इथे बसायचा नाही, तिकडे जाऊन बसायचा. वाटेत खायला भाकर बांधून देणार आहे. तेव्हा भावोजी, पालथा नको. उभा आणा, तोंड पुढे करून, त्याला रस्त्याची सवय व्हायला हवी.