पेटीवर ठेवलेला हात

आत्या,

सासूला पत्र लिहायची आपल्याकडं रीत नाही. ती पलीकडच्याच खोलीत असते, मग लिहायचं काय आणि वाचून दाखवायचं कुणी? तुम्हाला तर अक्षरओळखही नव्हती. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुम्हाला पाहिलेली माणसंही कळंबात फारशी उरली नाहीत. तरी आज पूजा उरकली, पोथीचा अध्याय झाला, घरखर्चाच्या वहीत कालची भाजी आणि दळण लिहिलं, आणि तोच पेन हातात धरून हे लिहायला बसले. कारण काल दुपारी माळ्यावरून फोनो, तो चावीचा जुना ग्रामोफोन, खाली काढला. तुमचा फोनो.

मी लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. मॅट्रिक झालेली सून आलीय म्हणून गल्लीतल्या बायका मला बघायला यायच्या, जशी काही मी भाकरीसुद्धा इंग्रजीत थापते. तुमचे कान त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मला सगळं ऐकूनच माहीत, की मारुतीच्या देवळात बायकांचं भजन तुम्ही उचलायच्या, तुमचा आवाज आडत बाजारापर्यंत जायचा, हमाल पोतं पाठीवर घेऊन क्षणभर थांबायचे. मग मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण कान घेऊन गेला. सोलापूरच्या डॉक्टरनं मान हलवली. त्या दिवसापासून तुम्ही देवळाची पायरी चढला नाहीत. टाळ खुंटीला अडकवले, आणि घरातही कामापुरतं बोलायचं असं ठरवून टाकलंत. भजनाच्या बायका बोलवायला आल्या की तुम्ही आत जाऊन तांदूळ निवडत बसायच्या. "मुक्या बाहुलीवानी बसू का तिथं?" एवढंच म्हणायच्या.

मला तुमची भीती वाटायची, आत्या. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, डाळ किती घालू, आणि तुमचं एकच वाक्य ठरलेलं, "माझ्या पायाशी बोलतीस का? तोंड वर कर." आईनं मला शिकवून पाठवलं होतं की सासरी पदर कपाळापर्यंत ओढायचा, वडीलधाऱ्यांपुढं नजर जमिनीवर ठेवायची, आणि मी ते परीक्षेच्या अभ्यासासारखं पाळत होते. तुम्ही रागावला की माझी मान आणखी खाली जायची. मान खाली गेली की तुम्हाला माझे ओठ दिसायचे नाहीत. ओठ दिसले नाहीत की तुम्ही आणखी रागवायच्या. एका घरात, एका चुलीपाशी आपण दोघींनी असं वर्ष काढलं.

आपल्या भिंतीपलीकडं पेशकारांचं घर होतं. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली खालाबी म्हणायची. कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली, पेशकारसाहेबांचं मन इथं लागेना, आणि त्यांनी हैदराबादला मुलाकडं जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी खालाबी आपल्या ओसरीवर आल्या. मागं टांगेवाला फोनो आणि तबकड्यांची लाकडी पेटी घेऊन उभा. त्यांनी तुमचे दोन्ही हात धरले, तुमच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाल्या, "आपा, ये पेटी तुमकू. बहू सुनेंगी, तुम देख लेव." तुम्ही बराच वेळ त्यांच्या ओठांकडं बघत होता. मग मान हलवलीत. दोघी रडलात. टांगा गेल्यावर सासरे, म्हणजे मामा, ओसरीवर पान लावत म्हणाले, "सांभाळायला दिलीय म्हणं. जिला ऐकू येत न्हाय तिला बाजा! उद्या मला कंगवा धाडा म्हणावं, ह्या टकलाला." तुम्ही मला विचारलंत, "काय म्हणाले गं?" मी जमिनीकडं बघत सांगितलं, काही नाही.

देख लेव, म्हणजे सांभाळा. मीही तसंच धरलं. पेटीवर धूळ बसू नये म्हणून तिला जुन्या लुगड्याचं आवरण शिवलं.

मग एका दुपारी भांडी आवरून झाल्यावर तुम्ही तिच्यावरचं कापड काढलंत आणि म्हणालात, "लाव." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुम्ही समोर पाट टाकून बसलात, उजवा तळवा फोनोच्या लाकडावर ठेवलात, आणि पुन्हा म्हणालात, "लाव की. लाकडातनं कळतंय मला." मी चावी दिली. तबकडीवरची अक्षरं उर्दूतली, मला वाचता येत नव्हती, म्हणून हाताला लागली ती लावली. दोन-तीन पुरुष टाळ्या वाजवत गाऊ लागले. एकच शब्द धरून ते पुन्हा पुन्हा दार ठोठावत होते, जसं काही आत कुणीतरी आहे आणि उघडेपर्यंत हलायचंच नाही. मला समजत काही नव्हतं, पण माझा श्वास त्या टाळ्यांबरोबर चालायला लागला. मग एकदम भान आलं, की वर कोनाड्यात भवानीआई आहे आणि खाली मी हे दुसऱ्यांच्या धर्मातलं काय लावून बसलेय? मी झटकन सुई उचलली. तुम्ही कडाडलात, "का उचललंस? देवालाच हाका मारतोय की त्यो. मारू दे." मी थक्क झाले. सुई परत ठेवली. लाकडातनं एवढं कळतं?

त्या दिवसापासून आपला नेम झाला. रोज दुपारी एकच तबकडी, दोन्ही बाजू, त्याहून जास्त नाही. पिनांचा डबा सोलापूरहून यायचा आणि एक पिन एकदा वापरून टाकून द्यायची असं त्यावर लिहिलेलं. माझा जीव होईना. मी त्या पाट्यावर घासून पुन्हा लावायचे, आणि पिना संपल्या तेव्हा तुम्हीच कुंपणातला बाभळीचा काटा मोडून आणलात. काट्यानं आवाज बारीक यायचा, भिंतीपलीकडून यावा तसा, पण यायचा. तुम्हाला काय त्याचं, असं मी मनात म्हणाले होते.

किती तऱ्हेची गाणी होती त्या पेटीत. नाटकातलं एक पद होतं, त्यातला गवई तान घेऊन निघाला की परत कधी येईल याचा भरवसा नाही. चुलीवर दूध ठेवलेलं, आणि मी मनात म्हणतेय, हा खाली येतो आधी का दूध वर येतं? तुम्ही म्हणालात, "ह्यो काय लवकर संपवत न्हाय वाटतं. जा, दूध बघून ये." एक बाई होती, उदास गळ्याची, एकच ओळ दहा तऱ्हांनी म्हणायची. मला माझी माहेरची पत्रं आठवली, बरं आहे, सगळं बरं आहे, हेच वाक्य मी कितीदा खोडून लिहायचे. तुम्ही पुटपुटलात, "रडकी हाय. पण खरी हाय." इंग्रजी बँडची एक तबकडी लागली तर म्हणालात, "कुणाची वरात निघाली?" आणि एकदा लावणी लागली. पहिल्याच ओळीला माझे कान तापले. तुम्ही डोळे वटारलेत, "उतरव ती." मी हात पुढं केला, तर म्हणालात, "न्हाय, ऱ्हाऊ दे. दुसरी बी बाजू लाव, मामा दुकानातनं यायच्या आत." मी हसले. तुम्हीही हसलात. तुमचा दात पडलेला आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. म्हणजे मी वर बघत होते. गाणं लागलं की माझा पदर मागं सरायचा, मान आपोआप वर व्हायची, आणि मला त्याचा पत्ताही नसायचा.

पेशकारसाहेब पूर्वी गुलबर्ग्याला नोकरीत होते. तिकडची एक कानडी तबकडी पेटीत सगळ्यांत तळाला होती. माझं माहेर तुळजापूरच्या खालच्या अंगाला, कानडी मुलखाला लागून. आई आमच्याशी मराठी बोलायची, पण दळताना आणि देवापुढं तिची भाषा कानडी. लग्न होऊन वर्ष झालं, तरी मला माहेरी धाडलं नव्हतं. घरात करणारं दुसरं कुणी नाही, असं मामा म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं. ती तबकडी लागली. गाणारी बाई कुणी मोठी असेल, पण तिनं पहिला शब्द उच्चारला तो आमच्या जात्यापाशी बसून. मला पीठ दिसलं, आईचं मनगट दिसलं. मी रडले नाही, आत्या. सासूपुढं रडायचं नाही हेही मी शिकून आले होते. नुसती बसून राहिले. तबकडी संपली, सुई नुसतीच खरखरत राहिली, तरी माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही पेटीवरचा हात काढलात आणि म्हणालात, "ही तुझ्या आईकडची हाय."

त्या संध्याकाळी जेवायच्या वेळी तुम्ही मामांना आणि ह्यांना सांगितलंत, "पोरीला आठ दिस माहेरी सोडून या." मामा म्हणाले, "आन् भाकऱ्या?" त्यांचं तोंड बघूनच तुम्ही उत्तर दिलंत, "कान गेलेत माझे, हात न्हाय."

मी एसटीत बसले तेव्हा सगळ्या वाटेनं एकच नवल करत होते, की लाकडाला कानडी कसं कळलं.

परत आले त्यानंतरची दुपार. पेटीत एक तबकडी मी मुद्दाम मागं ठेवत आले होते. तिच्यावर मराठी अक्षरं होती, अभंग होता, आणि तो तुम्ही देवळात म्हणायच्या हे मला भजनाच्या बायकांनी सांगितलेलं. तुम्हाला दुखेल म्हणून मी ती टाळायचे. त्या दिवशी लावली. माहेराहून आले होते, जीव भरलेला होता, माझे हात आपोआप जोडले गेले. तुम्ही हात लाकडावर ठेवून बसलेल्या, आणि मग, आत्या, तुम्ही तोंड उघडलंत. गवई एकीकडं आणि तुम्ही एकीकडं. तो दुसऱ्या चरणावर होता, तुम्ही पहिल्याच. सूर कुठल्या कुठं. पण शब्द एकही चुकला नाही. फोनोची चावी उतरत आली, त्याचा आवाज जाड होत होत थांबला, मी चावी दिली नाही. तुम्ही पुढं म्हणत राहिलात, शेवटपर्यंत. मग पदरानं तोंड पुसून विचारलंत, "लई वाईट झालं का?" मी मान वर करून, तुम्हाला नीट दिसेल असं सांगितलं, "न्हाय आत्या. लई चांगलं झालं."

पुढच्या गुरुवारी तुम्ही खुंटीवरचे टाळ काढलेत. देवळात मी शेजारी बसले होते. तुम्ही देवाकडं बघतच नव्हता, समोरच्या बायकांच्या तोंडाकडं बघत टाळ धरला होता, आणि एकाही ठिकाणी तो चुकला नाही. नंतर किती वर्षं गेलात, अगदी अंथरूण धरेपर्यंत. बायका म्हणायच्या, देवानं तिला आतले कान दिले. मीही तेच म्हणायचे. तुम्ही गेलात तेव्हा फोनो पुसून माळ्यावर ठेवला. घरात रेडिओ आला, मग टेपरेकॉर्डर. काट्याची गरज कुणाला उरली नाही.

आता खरं ते सांगते. गेल्या पावसाळ्यापासून मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि उजवाही त्याच वाटेनं निघालाय. कुकरची शिट्टी कळते, माणसं कळत नाहीत. काकड आरतीला मी देवळात बसते आणि सगळं पाण्याखालून चालल्यासारखं. परवा मनात आलं की आता घरीच बसावं, मुक्या बाहुलीसारखं तिथं काय बसायचं. तुमचेच शब्द तोंडात आले आणि दचकले. म्हणून काल फोनो काढायला लावला. मला वाटलं, मला युक्ती ठाऊक आहे. सूनबाईनं हौसेनं चावी दिली. मी समोर बसले, उजवा तळवा लाकडावर ठेवला, तुम्ही ठेवायच्या अगदी तिथंच. ती जागा झिजून गुळगुळीत झालीय.

आत्या, लाकडात काही नाही. नुसती गुरगुर, लांब कुठं पिठाची गिरणी चालू असावी तशी. लावणी लावली, तीच गुरगुर. अभंग लावला, तीच. कानडी लावली, माझ्या आईची, तर तीही गिरणीच. मी हात दाबून बघितला, डोळे मिटून बघितलं. मला इतकं वाईट वाटलं की आता पुरे म्हणायला मी मान वर केली.

तेव्हा उदास गळ्याच्या त्या बाईची तबकडी चालू होती, आणि समोर सूनबाई बसली होती. तिच्या आईला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. ती माझ्याकडं बघत नव्हती, तबकडीकडं बघत होती, आणि सगळं गाणं तिच्या तोंडावर चाललं होतं. ओळ वर गेली की भुवई वर जायची, बाई थांबली की हिचाही श्वास थांबायचा. मी बघत बसले. मग मला खालाबींची ओसरी आठवली. बहू सुनेंगी, तुम देख लेव. त्यांनी सरळ सांगितलं होतं हो. तुम्हाला कळलं होतं, मलाच सांभाळा असं ऐकू आलं. कान शाबूत होते ना माझे.

तुम्ही लाकडावर हात का ठेवायच्या तेही काल कळलं. तुम्ही मला बघताय हे मला समजलं असतं, तर मी त्याच क्षणी पदर ओढून मान खाली घातली असती, आणि आपण दोघी परत बहिऱ्या झालो असतो.

मी सूनबाईला म्हणाले, "रडकी हाय गं. पण खरी हाय." ती दचकली, डोळे पुसले, माझ्या हाताकडं आणि पेटीकडं बघत राहिली. मग माझ्या तोंडासमोर येऊन विचारलं, म्हणजे तिलाही माझ्या कानाचं कळलंय तर, "आत्या, लाकडातनं कळलं तुम्हाला?"

उद्या गुरुवार आहे. मी देवळात जाणार आहे, बायकांच्या समोरच्या बाजूला बसणार आहे. हा कागद कानडी तबकडीच्या पाकिटात घालून ठेवीन, ती तळाला असते, तिथवर कुणी जात नाही. तुम्ही मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत, मीही तिला सांगणार नाही. तुम्हाला मात्र एक सांगते. काल तिला "व्हय" म्हणताना मी जमिनीकडं बघत होते.