चूल नसलेल्या घरातून

बाबा, एकच गोष्ट विचारायची आहे. त्या शेवटच्या सकाळी माय पेजेची वाटी घेऊन तुमच्या उशाशी बसली आणि तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवलंत. तो नकार होता, की तोंड उघडण्याची ताकदच उरली नव्हती? मी दाराशी उभा होतो. मला नकार दिसला. मायला अशक्तपणा दिसला. "त्यायले उघडवलंच नाही रे," असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली, आणि मी मात्र कच्च्या अन्नाचा प्रचार करत गावोगावच्या सभांत नकारच सांगत आलो. अमरावतीत सांगितला, अकोल्यात सांगितला, जत्रेतल्या गर्दीत गाडीवर उभं राहून सांगितला. मरणाच्या दारातही या माणसानं विस्तव लागलेलं अन्न ओठांना लावू दिलं नाही, असं म्हणून मी थांबायचो, आणि लोक डोळे पुसायचे. आज तोच नकार माझ्याच घरात खाटेवर पडून आहे, म्हणून विचारतो.

माझी बायको तुम्ही पाहिली नाही. नांदायला आली तेव्हा तिनं घरभर चूल शोधली. शेवटी मला विचारलं, "चूल कुठी आहे?" मी म्हटलं, नाही. ती उंबऱ्यावर बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. पण पुढे ती माझ्याहून पक्की झाली. मूग किती भिजवायचे, मटकीला मोड यायला थंडीत फडकं कुठे ठेवायचं, अंबाडीचा कोवळा पाला कशाबरोबर खायचा, हे सगळं तिनं हाती घेतलं. माझ्या सभांना ती मागे बायकांत बसायची आणि तुमची गोष्ट आली की मान हलवायची. आता दिवाळीपासून तिचं पोट बिघडलं आहे. जे खाते ते तसंच निघून जातं. हातांच्या काड्या झाल्या. वैद्यबुवा नाडी सोडून सरळ मलाच म्हणाले, "कच्चं पुरे झालं आता. तांदळाची पातळ पेज द्या, कोमट. पोटात ठरली तं बाई उठन. नाही तं मले बलावू नका."

आणि ती घेत नाही. तुम्हाला कधी पाहिलं नाही, तरी सासरे म्हणून मामाजी म्हणते. "मामाजीनं मरताना घेतली नाही अन् मी घेऊ? तुमीच तं सांगता."

"मी सांगतो ते धडधाकट माणसांना," मी म्हणालो.

"असं तुमी कवाच म्हटलं नाही."

मग मी जे करत आलो तेच केलं. आजाऱ्याचा धर्म वेगळा, आपद्धर्म म्हणून काही असतो, जुन्या वैद्यकात पेजेला काय स्थान आहे, हे सगळं खाटेशी बसून मांडलं. भरल्या मैदानाला वळवणारा माणूस, बाबा, पण त्या एका बाईला वळवता येईना. तिनं डोळे मिटूनच ऐकलं आणि म्हणाली, "हे अकोल्यात सांगा." तीन दिवस झाले. मी दमलो आहे.

म्हणून मी पुन्हा तुमच्यापर्यंत जातो, त्या कापसाच्या आवारात. अमेरिकेत लढाई चालली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळं वऱ्हाड पांढरं झालं होतं. तुम्ही अमरावतीच्या एका आडत्याकडे मापारी. आवाराच्या कोपऱ्यातल्या पडवीत आपलं बिऱ्हाड. दारातून पाहावं तर कापसाचे गंज, घराहून उंच, आणि त्यांच्यामध्ये हातानं फिरवायच्या रेच्यांवर बसलेल्या बायका सरकी आणि रुई वेगळी करताहेत. आवारात विस्तव आणायला बंदी. चिलीम नाही, दिवा नाही, चूल तर नाहीच. पहिल्या हंगामात माय भिंतीबाहेर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला तीन दगड मांडून भाकरी थापायची. गंज वाढत भिंतीला टेकले तेव्हा आडत्यानं तेही दगड फेकून दिले. त्या थंडीत आपण भिजवलेला हरभरा, मोड आलेले मूग, ओल्या तुरीच्या शेंगा, मुळा, कांदा आणि बोरं यांवर राहिलो. सगळे रेचेवाले तसेच राहिले. बाकीच्यांनी हंगाम संपताच घरी जाऊन भाकर भाजली. तुम्ही भाजली नाहीत. तुमची जुनी पोटदुखी गेली होती, आणि तुम्ही विचार करायला लागला होतात.

मला तो दिवस दिसतो. तुम्ही दोन खापरं घेऊन येता. एकात मायच्या बहिणीकडून आणलेला शिजवलेला हरभरा पेरला आहे, दुसऱ्यात भिजवलेला. भिजवलेल्याला हिरवे कोंब आहेत, शिजवलेल्याला बुरशी. दुपारच्या सुट्टीत तुम्ही ती खापरं रेच्यांपुढे ठेवता. "पाहा बायांनो. शिजोलेला दाणा उगोते काय? ज्याच्यात जीव नाही तो तुमाले काय जीव देईन?"

एक म्हातारी रेचा न थांबवता म्हणते, "बाप्पा, आमी काय पोटात वावर पेरून राहिलो काय?"

सगळं आवार हसतं. माय सगळ्यांत मोठ्यानं हसते. तुम्हीही हसता, आणि खापरं उचलून दुसऱ्या रांगेकडे नेता. तुमचं मला हेच आठवतं. चिडला नाहीत. संक्रांतीला तुम्ही गूळही बंद केलात, तो कढईतून येतो म्हणून. माय नुसते तीळ हातावर ठेवून म्हणाली, "गूळ नाही तं मी कायनं गोड बोलू?" तुम्ही म्हणालात, "तू आंबट बोल, चालते."

मापाला येणाऱ्या शेतकऱ्यांना तुम्ही भाव सांगण्याआधी विचारायचात, "यंदा खायाले काय पेरलं?" ते हसायचे. खायचं विकत घेऊ, म्हणायचे. ज्वारीच्या वावरातही तेव्हा कापसाची पऱ्हाटी उभी होती आणि धान्य लांबून गाड्या भरून येत होतं. तुम्ही म्हणायचात, निदान बांधावर मूग लावा, अंगणात वालाचा वेल चढवा, जे तोडलं ते तसंच तोंडात घालता येईल असं काही तरी आपलं ठेवा. तुमच्या लेखी कच्चं खाणं म्हणजे एवढंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या हाताशी उगवतं त्याच्याशी नातं तोडू नका, म्हणजे लढाई दूरदेशी संपली तरी तुमचं ताट हलणार नाही. मी पुस्तकं वाचली, शास्त्रं वाचली, इंग्रजी चोपड्या वाचल्या, आणि तुमच्या खापराभोवती मोठं देऊळ बांधलं.

एकदा तुम्ही मला मारलं होतं. मी शाळेत जायला लागलो होतो आणि रेच्यांपुढे उभा राहून बोलत होतो. शिजवलेलं अन्न म्हणजे मढं, असं मी म्हणालो. रेचे थांबले. तुम्ही तराजू सोडून आलात आणि पाठीत धपाटा घातलात. "मढं कोणाले म्हणतं बे? तिच्या भाकरीवर तिचे लेकरं जगते. तुले पटलं तं तू खाय. तिच्या चुलीत पाणी कावून टाकतं?" त्या धपाट्यानं मला सुधारायला हवं होतं. पण पुढे मला सभांतल्या टाळ्यांची चव लागली, आणि मढं हा शब्द मी अजून वापरतो.

दाण्यात जीव असतो हे मी आजही मानतो. कोंब फुटलेला मूग दाताखाली आला की अजून तसाच आनंद होतो. ते खोटं नव्हतं. पण काल दुपारी खाटेशी बसून मी तिच्याकडे पाहत होतो आणि तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. अगदी तुमच्यासारखं. मी इतका जवळ होतो तरी मला सांगता येईना की ती नाही म्हणते आहे की थकली आहे. तेव्हा वाटलं, दाराशी उभ्या असलेल्या पोराला काय कळलं असेल?

आज उजाडताच मी परसात तीन दगड मांडले. शेजारी पिंजाऱ्याचं घर आहे, तिथल्या म्हाताऱ्या चाचीकडे विस्तव मागायला गेलो. ती दचकली. "तुम्हारे घर में आग? कोई गुजर गया क्या भाई?" मी म्हटलं, नाही चाची, पेज करायची आहे. तिनं खापरीवर निखारे दिले, वर ओंजळभर तांदूळ दिले. घरात भांडं म्हणावं तर पाण्याचा गडवा. पऱ्हाट्या ओलसर होत्या, धूर डोळ्यांत गेला, पहिल्यांदा विझलं. माझ्या वयाच्या माणसाला फुंकर कशी घालावी ते येत नव्हतं. तरी भात फुटला, पाणी दाट झालं.

वाटी घेऊन गेलो. ती पाहत होती. बोलायला तोंड उघडलं आणि ठरवलं की नको. तिच्यासमोर खाली बसलो आणि वाटी माझ्याच तोंडाला लावली. एक घोट घेतला, मग दुसरा. ती पाहतच राहिली.

"कशी लागते?"

"अळणी आहे."

"मंग मीठ टाका ना. एवढी दुनिया शिकोली अन् मीठ मालूम नाही."

मीठ टाकलं. मग तिनं तोंड उघडलं. हळूहळू अर्धी वाटी गेली. दुपारपर्यंत ठरली आहे. पुढचं ठाऊक नाही. ओठ पुसताना ती म्हणाली, "मामाजीले सांगू नका."

सांगून टाकलं आहे, बाबा, पण हा कागद कुठे जाणार नाही, तेव्हा तिचा शब्द राहिला. माझ्या प्रश्नाचं उत्तरही नको. आणखी एक, तिलाही न सांगितलेलं. ती झोपल्यावर मी परसात येऊन बसलो. करायचं काही उरलं नव्हतं, गडवा रिकामा होता, तरी मी पऱ्हाट्या विस्तवात सरकवत राहिलो. यंदा थंडी फार आहे. हातांना बरं वाटत होतं.