बिबट्याची भूमिका

६ जानेवारी २०२५, सोमवार

२६ जानेवारीच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची जबाबदारी मुख्याध्यापिका मंगल मॅडमनी माझ्यावर टाकली. टाकली म्हणजे सोपवली. म्हणाल्या, शाळेत शिक्षक आपण दोघंच, झेंडा, पाहुणे आणि खाऊ मी बघते, उरलेलं तुम्ही बघा. उरलेलं म्हणजे कला.

दरवर्षी काय होतं? मोबाईलवर गाणं, स्पीकरची घरघर आणि नऊवारीत अडखळणाऱ्या पोरी. यंदा नाटक. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य : चांगदेव सर. ओतूरला कॉलेजात असताना एकांकिकेत मला उत्तेजनार्थ बक्षीस होतं. आरतीचं (पत्नी) म्हणणं, त्या स्पर्धेत संघच चार होते. मुद्दा संघांचा नाही.

संकल्प : पहाटे उठून आवाजाची साधना. चहा बंद. पोट कमी.

८ जानेवारी, बुधवार

साधना थंडी कमी झाल्यावर. घसा बसला तर नाटकच बसेल. चहाही त्याच कारणाने चालू.

नाटक लिहून झालं. 'उसातला पाहुणा'. ठकी नावाची मुलगी गोठ्यात एकटी असते. उसातून बिबट्या येतो. ठकी पळत नाही. दोन्ही हात वर करून ताठ उभी राहते. बिबट्या जातो. मग गावाचे शिक्षक येऊन वन्यजीवांवर भाषण करतात. शिक्षक मी. भाषण जरा मोठं आहे, पण नाटकाचा कणा तोच आहे.

मॅडमना वाचून दाखवलं. त्या पोषण आहाराचा तांदूळ निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, भाषण कमी करा. कलेची जाण तांदळाबरोबर निवडून टाकतात काही लोक.

१० जानेवारी, शुक्रवार

कास्टिंग झालं. ठकी : समृद्धी, इयत्ता तिसरी.

आई-वडील चाकणला कंपनीत, ही इथं आजीजवळ. दिवाळीनंतर त्यांच्या गोठ्यातलं वासरू बिबट्याने नेलं. ही ओट्यावर होती. तिने पाहिलं. तेव्हापासून बोलत नाही फारसं. वाऱ्याने वर्गाचं दार आपटलं तरी पाटी हातातून पडते. म्हणजे अनुभव आहे. बाकीच्यांना घाबरायला शिकवावं लागेल, हिला नाही. शिवाय कलेमुळे भीती जाते. व्हिडिओत ऐकलंय, इंग्रजी होता.

मॅडम म्हणाल्या, दुसरी मुलगी घ्या. मी त्यांना व्हिडिओ समजावून सांगितला.

संध्याकाळी तिची आजी लंकाबाई शाळेत आल्या. म्हणाल्या, "सर, पोर लई भ्यालेली हाय. तुमी म्हनता भीती जाईल, तर घ्या. फक्त तिला सांगून-सवरून करा. अचानक काय न्हाई करायचं." मी म्हणालो, काळजी माझ्यावर सोडा.

१५ जानेवारी, बुधवार

पहिली तालीम. बिबट्या : मोहित, चौथी. याचं नाक कायम वाहतं. डरकाळी फोड म्हटलं तर मांजर शिंकल्यासारखा आवाज काढतो.

समृद्धीने नाटकाचं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं की बिबट्या कोण होणार. मोहित म्हटलं. मोहितच ना? हो. शेवटपर्यंत मोहितच ना? मी म्हणालो, हो गं, पक्कं.

मग तिने पुठ्ठ्याचा मुखवटा मागून घेतला आणि त्याच्यावर ठिपके तिनेच काढले. एक डोळ्यावर गेला, खोडून पुन्हा काढला. तोंडावर लावून मोहितवरच गुरगुरली. तो खरंच दचकला. वर्ग हसला, तीही हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

माझं यश.

१८ जानेवारी, शनिवार

मॅडमसमोर तालीम. समृद्धीने मोहितकडे बघत हात वर केले आणि ती जागेवरून हलली नाही. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, पोरगी मोकळी झाली, सर. मी नम्रपणे मान हलवली.

माझ्या भाषणाला पहिलीची मुलं झोपली. मॅडमनी भाषण काढून टाकायला लावलं. सगळं. म्हणजे आता नाटकात मी नाही. दिग्दर्शक म्हणून मला आनंदच आहे.

दिग्दर्शक म्हणूनच एक गोष्ट खटकते. बिबट्या कमी पडतो. मोहितचा बिबट्या बघून प्रेक्षकांतली एखादी आजी त्याला वाटीत दूध घालेल.

२२ जानेवारी, बुधवार

निर्णय. बिबट्या मी करणार.

स्वतःसाठी नाही. नाटकासाठी. ओतूरच्या नाटकाचे कपडे देणाऱ्याकडे बिबट्या नव्हता, वाघ होता. पट्ट्यांवर काळ्या रंगाने ठिपके मारले. पोटाशी जरा घट्ट आहे. मुखवटा रबरी आहे, दात अणकुचीदार. आरशात बघून मीच एक पाऊल मागे आलो.

कुणाला सांगायचं नाही. अचानक आलं की चेहऱ्यावर खरा भाव उमटतो. कार्यक्रमात मोहितला शेळी केलं, तालमीत मात्र बिबट्या तोच. हसत तयार झाला. त्याला म्हटलं, कुणाला बोलू नकोस, सरप्राइज आहे.

आरतीने पोशाख धुताना विचारलं, समृद्धीला सांगितलंय ना? मी म्हणालो, उद्या सांगतो.

२३ जानेवारी, गुरुवार

ती आज छान करत होती. मध्येच सांगून मूड कशाला घालवा.

२४ जानेवारी, शुक्रवार

मंडपवाल्याच्या गडबडीत राहून गेलं.

२५ जानेवारी, शनिवार

मधल्या सुट्टीत सांगणारच होतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, सर, मी उद्या अजिबात भिणार नाही. इतक्या विश्वासाने म्हणाली की वाटलं, मग सांगायची गरजच काय.

२६ जानेवारी, रविवार, सकाळी

आज इतिहास घडणार. पोशाख पिशवीत. आवाज उत्तम.

२६ जानेवारी, दुपारी

नाटक झालं. टाळ्या पडल्या. स्पीकर मध्येच बंद पडला. पोशाख काखेत उसवला. एकंदर ठीक.

जास्त लिहीत नाही, डोकं दुखतंय.

२७ जानेवारी, सोमवार

समृद्धी शाळेत आली नाही. थंडी असेल. मॅडम माझ्याशी फक्त खडू आणि डस्टरबद्दल बोलल्या.

मंडपवाल्याने स्टेज फार छोटं बांधलं होतं. अंतर ठेवता आलं असतं तर वेगळं झालं असतं.

२८ जानेवारी, मंगळवार

आली नाही. मोहित माझ्याकडे बघत नाही. गणित विचारलं, उत्तर फळ्याकडे बघून दिलं. बरोबर होतं.

आरती म्हणाली, तुम्ही तिच्या घरी का जात नाही? मी म्हणालो, लोकांना थोडा वेळ द्यायचा असतो. ती म्हणाली, कुणाला?

२९ जानेवारी, बुधवार

ही वही मी सोडून कुणी वाचत नाही. तरी रविवारी इथं 'एकंदर ठीक' लिहिलं. आज जे झालं ते लिहितो.

झेंडा झाल्यावर मंडपात सगळं गाव बसलं होतं. समृद्धी पुठ्ठ्याच्या गोठ्यात उभी होती आणि डावीकडे बघत होती. तिकडून मोहित यायचा होता. ओठ हलत होते, वाक्य पाठ म्हणत असावी. हसूही होतं थोडं.

मी उजवीकडून आलो. चार पायांवर उडी मारून.

ती वळली. ओरडली नाही. हात वर जायला लागले, शिकवले होते तसे. खांद्यापर्यंत गेले आणि तिथंच राहिले. मग तिचा परकर ओला झाला. फळ्यांवर पाणी पसरलं.

पुढच्या लोकांना ते दिसलं नसावं. त्यांना माझं शेपूट दिसलं, ते एका खिळ्यात अडकलं होतं. लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या सुरू झाल्या.

मला ते पाणी दिसलं होतं. मुखवट्याच्या भोकांतून समोरचंच तेवढं दिसतं, आणि समोर तीच होती. पण टाळ्या माझ्यासाठी होत्या. मी परत डरकाळी फोडली. एक पाऊल पुढे गेलो. अजून एक.

शेळीच्या पोशाखातला मोहित पळत आला आणि आमच्या मध्ये उभा राहिला. सारखं म्हणत होता, समृद्धी, सर हायेत ते, आपले सर हायेत. तेव्हा मी मुखवटा काढला. वाटलं, मला पाहिल्यावर ती शांत होईल.

मला पाहिल्यावर ती ओरडली. मुखवटा होता तोवर ओरडली नव्हती.

लंकाबाई वर आल्या. पदरात गुंडाळून तिला खाली घेऊन गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. मंडप गप्प झाला. मला शेपूट सोडवता येईना. शेवटी मॅडमनी येऊन ते खिळ्यातून काढलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

शाळा सुटल्यावर लंकाबाईंकडे गेलो. बिस्किटांचा पुडा घेतला होता. वाटेत बोलायचं ठरवत होतो : रंगभूमीवर असं होतं, माझा हेतू चांगला होता, मुलांना समाजप्रबोधन.

लंकाबाई ओट्यावर लसूण निवडत होत्या. म्हणाल्या, बसा सर, चा ठेवते. चहा ठेवला. मला वाटलं होतं, दारातूनच घालवून देतील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

कप हातात दिल्यावर त्यांनी विचारलं, "पोरीला सांगितलं व्हतं का, सर?"

नाही, म्हणालो.

"इसरला व्हता?"

हो म्हणणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. नाही म्हणालो, विसरलो नव्हतो.

त्या लसूण निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "वासरू नेलं तवा बिबट्याला आमी काय बोलनार. जनावर हाय ते. तुमाला मी सांगितलं व्हतं."

रंगभूमी, हेतू, प्रबोधन, सगळं चहाबरोबर गिळलं.

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी शिरलो तेव्हाच तिने कडी घातली, ती ऐकू आली होती. दारापाशी जाऊन म्हणालो, समृद्धी, मी चांगदेव सर. तू विचारलं होतंस मोहितच ना, मी पक्कं म्हणालो होतो. मग मीच बदललं आणि तुला सांगितलं नाही. मला स्टेजवर यायचं होतं म्हणून. तू काही चुकली नाहीस. हात बरोबर वर केले होतेस.

मी दाराशीच उभा राहिलो.

लंकाबाई म्हणाल्या, जावा आता, दिवस मावळायला आला.

बिस्किटं द्यायची राहिली. गाडीवर बसल्यावर लक्षात आलं. परत जायची हिंमत झाली नाही. घरी पोचेपर्यंत पुडा मीच संपवला होता. हेही लिहून ठेवतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

मंगल मॅडमना सांगितलं की पुढच्या वर्षी कार्यक्रम तुम्ही बघा. वाटलं होतं, म्हणतील असं नका म्हणू सर. त्या म्हणाल्या, बरं.

पोशाख परत दिला. दुकानदाराने ठिपके बघून विचारलं, हे काय? मी म्हणालो, बिबट्या. तो म्हणाला, सर, आता हा ना वाघ राहिला ना बिबट्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

समृद्धी आली. लंकाबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या. ती आधी मॅडमच्या वर्गात, पहिली-दुसरीत जाऊन बसली. तिसरीची मुलगी बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी.

मॅडम तिच्याशी बराच वेळ बोलल्या. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, ती तुमच्या वर्गात बसायला तयार आहे. पण तुम्ही एकदम आत यायचं नाही. बाहेरून हाक द्यायची. ती या म्हणाली की यायचं. चालेल का तुम्हाला, पोरांसमोर?

चालेल म्हणालो. मॅडमनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तांदूळ मोजायला गेल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

परिपाठ झाला, मुलं वर्गात गेली. मी दाराबाहेर, भिंतीच्या अलीकडे थांबलो. म्हणालो, मी चांगदेव सर. येऊ का?

आतली पोरं हसली. मोहितने त्यांना गप्प केलं.

मग तिचा आवाज आला. थांबा, म्हणाली.

थांबलो.

समोरच्या रस्त्याने डेअरीला दूध घालून जानकूभाऊ परत चालले होते. गाडी थांबवून म्हणाले, काय राव सर, उन्हात का उभे? वर्ग न्हाई का आज?

मी म्हणालो, वर्ग आहे. अजून या म्हणाली नाही.