अंड्याला खिडकी

११ फेब्रुवारी

झालं! लॅबची वीज चार दिवस बंद, आणि माझी कोंबडीची अंडी नेमकी उबवण्याच्या तिसऱ्या दिवसात. संशोधन गेलं असतं पाण्यात. उबवणीची छोटी पेटी रिक्षात घालून खोलीवर आणली. खोली नारायण पेठेत, मालक गोपाळकृष्णकाका. राहायला आले तेव्हाच बजावलं होतं त्यांनी, "अंडं घरात आलं की आपण बाहेर." आपण म्हणजे मी. पेटी कपाटात, वर शाल. अमरावतीची पोरगी आहे मी, घाबरते थोडीच!

१२ फेब्रुवारी, सकाळ

श्यामलाकाकू: "कपाटात वायर कशाला? बिल आम्ही भरतो." म्हटलं, कपड्यांना दमट वास येतोय. काका मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. मिशी कसली, बुटांचा ब्रश! सलूनवाल्यालाही हात लावू देत नाहीत म्हणे.

१२ फेब्रुवारी, दुपार

पकडले गेले. दार नुसतं लोटलेलं, हातात अंडं, समोर काका.

"खायची नाहीत काका, बघायची आहेत."

"का, सिनेमा लागलाय?"

आता गेलीच खोली, तर बघून तरी जा, म्हणून अंडं पुढं केलं. कवचाला चौकोन कापून वर चिकटपट्टी लावलेली. खिडकीच ती. आत एवढंसं हृदय धडधडत होतं. काकांनी अंडं हातात घेतलं आणि मला हाकलायचं विसरले.

"सगळं डोकंच दिसतंय. तोंड कुठाय?"

"आधी मेंदू. कुठं काय वाढायचं, याचे निरोप त्याच्याकडून जातात. मग बाजूचे भाग पुढं येऊन मध्ये जुळतात. कवटीसुद्धा त्याच्याच मापानं वाढते. कधी निरोपात गडबड होते, भाग जुळत नाहीत. मग चोच बिघडते. माणसात ओठ फाटका राहतो."

काका अंड्यावर आणखी वाकले. मग, "माणसात हे कधी होतं?"

"दुसऱ्या महिन्यात. आईला धड कळलेलंही नसतं."

"आणि सातव्या महिन्यात, ग्रहणात, तिनं विळीवर भाजी चिरली तर?"

मला हसू फुटलं. "ओठ केव्हाच होऊन गेलेला असतो, काका. भाजीचा काय संबंध?"

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. हसल्याची इतकी लाज वाटली मला.

"आई अजून म्हणते, माझ्या हातून झालं. शहाऐंशीची आहे."

अंडं माझ्या हातात देऊन गेले.

१३ फेब्रुवारी

खोली राहिली की गेली, कळेना. काका दिवसभर माझ्या दाराकडे फिरकले नाहीत. काकूंनी मात्र वायर नीट भिंतीकडेनं लावून दिली. "पाय अडकून पडाल," म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी

काकांनी मिशी काढली. ओठावर जुन्या टाक्यांची रेघ, जराशी तिरकी. काकू म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज ओळख झाली." काका आईकडे विश्रांतवाडीला गेलेत. मफलरमध्ये गुंडाळून माझं एक अंडं घेऊन.