अकरा हजारांची भिंत

३ नोव्हेंबर २००८, चेरीताल

…कणिक मळून झाली होती. दूध उतू जाऊ नये म्हणून मी ओट्यापाशीच उभी होते. ह्यांची अंघोळ चालली होती. न्हाणीतून "आई गं" ऐकू आलं. वाटलं, पाणी जास्त कढत झालं असेल. दूध उतरवलं, ओटा पुसला, दोन पोळ्या लाटल्या आणि मग गेले. दिवाकर पडले होते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

आज नव्या घरात पहिल्यांदा कणिक मळताना ती सकाळ आठवली, एवढंच. बाकी घर छान आहे. दोन खोल्या, दारात पेरू, सकाळचं ऊन थेट खाटेवर. सौंसरहून पुस्तकं नीट आली, एकाचंही पान दुमडलं नाही. उद्यापासून वाचनालयात कामाला जायचं. घरमालक मुरलीधरभाऊ निवृत्त मास्तर, या हिंदी मुलखात आपल्याकडचेच, मराठी. पेट्या बघून म्हणाले, इतकी पुस्तकं राहणार असतील तर भाडं त्यांचंही लागेल. खूप दिवसांनी मी हसले.

७ नोव्हेंबर

झोपायच्या खोलीला लागून न्हाणी. मध्ये एकेरी विटेची भिंत, आणि वरच्या बिऱ्हाडाचं पाणी तिच्यातल्याच पाइपातून उतरतं. सकाळी सातला वर अंघोळी सुरू झाल्या की भिंत गुळगुळ करते. तांब्या आपटला की माझ्या छातीत धस्स होतं. दोन वर्षं झाली, तरी. भोपाळला जयाला फोनवर सांगितलं. लेक म्हणाली, भिंतीचा आवाज बंद करता येतो, मिस्त्रीला विचार.

१० नोव्हेंबर

गढ्याहून नथ्थू मिस्त्री आला. झोपायच्या खोलीकडून लाकडी चौकट, आत ग्लासवूल म्हणजे काचेचा कापूस, वरून जिप्समची शीट. अकरा हजार म्हणाला. ह्यांच्या मागे मला मिळणारं दोन महिन्यांचं पेन्शन. मुरलीधरभाऊ तिथंच उभे होते. म्हणाले, "वहिनी, एवढे पैसे काहून घालून राहिल्या? आणि करतच असाल तर आमच्या हिचा आवाज बंद करायचं काय घेईल, तेही विचारा." त्यांच्या बायकोने आतून ऐकलं. भाऊंना चहा उशिरा मिळाला.

मी हो म्हणून टाकलं. थकले आहे दचकून.

१२ नोव्हेंबर

वरचे लोक कालच गावाला गेले. पाइप कोरडा. तरी आज सातला भिंतीतून आवाज आला. आई गं. हळू, ओठ न उघडता बोलावं तसा.

धावत गेले. न्हाणीत कुणी नाही. फरशी कोरडी.

लिहायला लाज वाटते, पण भीती नाही वाटली. बरं वाटलं. काम नको, असा नथ्थूला निरोप द्या म्हणून मुरलीधरभाऊंना सांगितलं.

१५ नोव्हेंबर

रोज सातला. हातातलं टाकून पळते. काल भाजी करपली. उंबऱ्यात उभी राहून सांगते, आज उशीर नाही केला हो.

१८ नोव्हेंबर

मुरलीधरभाऊ निरोप द्यायचं विसरले. नथ्थू सामान घेऊन आला, न्हाणीत पाइपाचं माप घेत होता. मी स्वयंपाकघरात. सात वाजले, आवाज आला, मी धावले. तो टेप धरून तसाच उभा होता.

"अम्मा, आपके कमरे में कोई औरत है क्या? बोल रही है, आ गई, आ गई. कौन आ गई?"

मी सांगितलं, आई गं आहे ते, आमच्यात दुखलं की म्हणतात. तो मान हलवत राहिला.

"नहीं अम्मा, हिंदी है. आप इधर आईं, तो वो हँसी."

हसणं मला ऐकू आलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर

आज मलाही तेच ऐकू आलं. आ गई. एकदा कळल्यावर दुसरं ऐकूच येत नाही. आवाज बाईचा. सात दिवस मी कुणाकडे धावत—

नथ्थूला म्हटलं, बंद कर. आजपासूनच.

२१ नोव्हेंबर

झालं. भिंत पांढरी, गप्प. नथ्थूने पैसे मोजले नाहीत, खिशात कोंबून गेला.

शांत आहे. फार.

२३ नोव्हेंबर

झोप नाही. नथ्थू हिंदीवाला, त्याला हिंदीच ऐकू येणार. मी नंतर त्याचंच ऐकलं. गं होतं की गई. दिवाकरच असतील तर? शीटच्या मागे, आणि मी पुन्हा पोळ्या लाटत—

पैसे देऊन.

२४ नोव्हेंबर

आज सकाळी सातला हातोडी घेतली आणि खालची शीट फोडली. कापूस उपसला. विटेला कान लावला. काही नाही.

खाटेवर बसून लिहितेय. हात खाजताहेत. भिंत गप्प आहे. आवाज खोलीत आहे, माझ्या उशीकडून. शेवटी गं नाही, गई आहे. ती आधी हसते, मग—