दुसरं ताट

माझ्या घरच्या कारभारणीस,

मी खुशाल आहे, उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. सरकारने भाडेपट्ट्याने दिलेल्या या माळावर आता चाळीस घरं उभी राहिली. आपल्या घरावर पत्रे चढले, विहिरीला पाणी लागलं, मका माझ्या कमरेएवढा झाला. शेजारी अजून फारसे बोलत नाहीत, म्हणून मी मक्याशीच बोलतो. तो निदान मान तरी हलवतो.

आईचा खोकला कसा आहे? खरं तेच लिही.

काल वसाहतीचे साहेब तपासणीला आले होते. ज्याचं कुटुंब इथे राहत नाही त्याची जमीन दुसऱ्याला जाते, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून मी चुलीजवळ दोन ताटं मांडून ठेवली होती.

"बाई कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"विहिरीवर गेलीय," मी ठोकून दिलं.

त्यांनी दुसऱ्या ताटावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि वहीत लिहिलं, "कुटुंब पुढच्या पेरणीपर्यंत येईल." देवमाणूस!

पण तू घाई करू नकोस. आईला एकटं टाकून यायचं नाही.

आता तीन महिने तपासणी नाही. तरी आज जेवण झाल्यावर मी दोन्ही ताटं घासली.

मक्याला तुझ्याबद्दल सांगणारा,
तुझाच