कापलेल्या वायरीची खरी हकीकत

तीर्थस्वरूप मामी,
साष्टांग नमस्कार (खरं तर सप्तांगच, उजवा गुडघा सोलवटलाय). तुझी कंबर कशी आहे? माहेरी आहेस तोवर आराम कर, मामाचं ऐकू नकोस. मीही ऐकत नाही.

त्याने माझी कागाळी केलीच असेल, म्हणून खरं काय ते ऐक. दातांच्या डॉक्टरांकडे रिमोटचं फाटक मी बसवलं. रिसीव्हरची डबी खांबावर, वायर ताठ, बोट ठेवायला जागा नाही असं काम. त्यांची मुलगी पाणी घेऊन आली नि म्हणाली, "बिघडलं तर तुम्हीच याल ना?" मी छाती काढून म्हणालो, "मी बसवलेलं बिघडतच नाही!" (कॉलेज अर्धवट सोडलेल्यालाही काही अभिमान असतो.) मग बसलो झुरत. गावातली झाडून सगळी फाटकं बिघडली, ते एक सोडून.

शेवटी तक्रार आली: रिमोट अगदी फाटकाला टेकवला तरच उघडतं. उडतच गेलो. डॉक्टर म्हणाले, "तुमचा मालच हलका." मामी, माझं डोकं सटकलं! डबी उघडतो तर सिग्नल पकडणारी वायर अर्धी गायब, आणि काप चक्क कात्रीचा. "हे घरातल्याच कुणाचं तरी काम आहे," मी गरजलो, "आणा सगळ्या कात्र्या!" एकेक कात्री टोकाला लावून बघत होतो, तेवढ्यात डॉक्टरांची मुलगी मान खाली घालून म्हणाली, "मी कापली." आणि मी? मी डॉक्टरांकडे वळून म्हणालो, "बघा! माझं काम चोखच होतं!"

तिने ती का कापली, ते डॉक्टरांना तिथल्या तिथे कळलं. मी नवी वायर जोडून निघालो, तर त्यांनी मी फाटकात असतानाच रिमोट दाबला (मोटर झकास चालते, गुडघा साक्षीला आहे). मला मात्र कळलं ते पुढच्या चौकात, मागच्यांनी भोंगे वाजवल्यावर.

आता मामाने दुकानात डांबलंय. वर म्हणतो, माफी माग. कशाची? वायर कापलेली होती की नव्हती? खरं बोलल्याबद्दल मी माफी मागणार नाही, उलटा टांगलात तरी! ती मला आवडते हेही खरंच आहे, आणि तेही सांगणार, डॉक्टरांच्या खुर्चीत बसून. तोंड उघडा, असं ते स्वतःच म्हणतात.

तुझा न वाकणारा भाचा

ता. क. आज सकाळी डॉक्टरांचा फोन आला. फाटक आता मुळीच उघडत नाही. "तो सोडून कुणालाही पाठवा," म्हणाले. मामा दुकानातून तुझ्या भावाला पाठवतोय.

आणखी ता. क. हे पत्र घेऊन तुझ्यासमोर उभा आहे तो तुझा भाऊच. "जाता जाता ताईला एवढं द्या," म्हटलं त्याला. मामी, पाया पडतो, त्याला जेवू घाल, लोळू दे, लहानपणीच्या गोष्टी काढ, पण संध्याकाळपर्यंत सोडू नकोस. त्याची हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्याऐवजी मी निघालोय. या खेपेस कुणी विचारलंच, तर वायर उंदराने खाल्ली.